ज्वारीचा फळांचा वॉफल फाटतो, चिकटतो, आतून कच्चट राहतो: कारणं आणि दुरुस्ती

झाकण उघडलं की वॉफल दुभंगतो. वरचा पदर वरच्या प्लेटला, खालचा खालच्या प्लेटला आणि मध्ये चिकट लगदा. किंवा बाहेरून छान तांबूस दिसतो, पण जिथे केळ्याचा तुकडा असेल तिथे काळा डाग पडून खाचेत घट्ट बसतो. किंवा नीट निघतो, पण ताटात येईपर्यंत मऊ पडतो. मैद्याची कृती घेऊन फक्त मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ घातलं, की ही तीन दुखणी आळीपाळीने येत राहतात. एकदा जमलं म्हणून निश्चिंत व्हावं, तर पुढच्या दळणाला पुन्हा तेच.

तिन्हींचं मूळ पाण्यात आहे. पिठाला पाणी धरता येत नाही, फळाचं पाणी नको तिथे सुटतं आणि वाफेला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून साचा बदलण्याआधी, महागडं तयार ग्लुटेनमुक्त मिश्रण मागवण्याआधी, या तीन गोष्टी तपासाव्यात. सोलापुरात तर पीठ, फळं आणि पिठाला बांधायची युक्ती, तिन्ही घरातच आहेत.

पिठाची विरी

मैद्यात पाणी पडून तो हलवला की त्यातल्या ग्लुटेन या प्रथिनाचं लवचिक जाळं तयार होतं. बेकिंग पावडरचा वायू आणि वाफ त्या जाळ्यात अडकतात, म्हणून वॉफल फुगतो आणि उचलताना तुटत नाही. ज्वारीतलं प्रथिन असं जाळं विणत नाही, कितीही घोटा. ज्वारीचं पीठ एकसंध ठेवायचं तर ते काम पिठातल्या स्टार्चकडून करून घ्यावं लागतं, आणि स्टार्च चिकटपणा धरतो तो पाण्यात शिजून फुगल्यावरच.

भाकरी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पिठाची विरी, म्हणजे एकसंध धरून ठेवणारा चिकटपणा गेला, भाकरी थापताना कडेला चिरा पडू लागल्या, की आधणाचं पाणी घालून उकड काढतात आणि तेच पीठ थापण्याजोगं होतं. वॉफलमध्येही हेच करायचं आहे. गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगतो. ज्वारीच्या स्टार्चला ७० किंवा त्याहून थोडी जास्त उष्णता लागते. साच्यात वॉफलला मिळतात पाच-सहा मिनिटं, त्यातही पाणी वाफ होऊन भराभर निघून जात असतं. तेवढ्यात कोरड्या ज्वारीचा कण आतपर्यंत फुगत नाही. त्यामुळे बाहेर कवच होतं आणि आत ओलं पीठ राहतं. झाकण उचलताच ते मधून सुटतं. थोडं पीठ आधीच शिजवून घेतलं की उरलेल्या पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा मिश्रणात पहिल्यापासूनच असतो.

प्रमाण

साध्या दोन खणांच्या घरगुती वॉफल मेकरमध्ये सात-आठ वॉफल होतील एवढं:

ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम (यातलं ३० ग्रॅम उकडीसाठी बाजूला)
तांदळाचं बारीक पीठ ४० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम
इसबगोल ४ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे
बेकिंग पावडर ८ ग्रॅम, दोन छोटे चमचे सपाट
मीठ अर्धा छोटा चमचा
साखर किंवा बारीक गूळ १५ ग्रॅम
अंडी २
उकडीसाठी पाणी १५० मिली
दूध १३० ते १५० मिली
शेंगदाणा तेल किंवा पातळ केलेलं तूप ४० मिली
फळांचे तुकडे जास्तीत जास्त ८० ग्रॅम

पीठ वजनावर घ्या. ताजं दळलेलं पीठ हलकं असतं, डब्यात चार दिवस बसलेलं दबलेलं असतं. एकाच वाटीत दाबून भरलं तर वीस-पंचवीस ग्रॅम सहज जास्त बसतं, आणि तेवढ्या फरकाने मिश्रण घट्ट होऊन वॉफल विटेसारखा जड होतो. दुधाचं प्रमाण मात्र सैल ठेवलं आहे, कारण ज्वारी किती पाणी पिईल हे दाण्यावर आणि दळण्यावर ठरतं.

तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी, कॉर्नफ्लोअर हलकेपणासाठी. इसबगोल पाणी धरून ठेवतो. त्याचं प्रमाण वाढवायचा मोह टाळा. ८ ग्रॅमवर गेलात की वॉफल रबरासारखा ओढतो आणि कितीही भाजला तरी आतून ओलसर लागतो. तयार मिश्रणांमध्ये पीठ बांधायला झँथन गम असतो, तो चालतो. पण उकड आणि इसबगोल असताना त्याची गरज पडत नाही.

करायचा क्रम

३० ग्रॅम ज्वारीचं पीठ थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. बाकीचं पाणी चिमूटभर मीठ घालून उकळा, त्यात हे कालवलेलं पीठ ओता आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं सतत हलवा. आंबील घट्ट होताना जसा चमच्याचा माग राहू लागतो तिथे गॅस बंद करा. ही उकड कोमट होऊ द्या. गरम उकडीत अंडं फोडलं तर ते शिजून दाणे पडतात. गरम मिश्रणात बेकिंग पावडर पडली तर तिचा जोर भांड्यातच संपतो आणि साच्यात फुगायला काही उरत नाही.

कोमट उकडीत दूध, अंडी, तेल, साखर घालून घोटा. कोरडी पिठं आणि इसबगोल एकत्र चाळून त्यात मिसळा. आता बेकिंग पावडर न घालता हे मिश्रण २५ ते ३० मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी गाळायची नाही. ज्वारीचं पीठ पाणी सावकाश पितं. भिजायला वेळ दिला नाही तर सुरुवातीला सरसरीत वाटलेलं मिश्रण शेवटच्या वॉफलपर्यंत गोळा होतं आणि पहिला व शेवटचा वॉफल दोन वेगळ्या पदार्थांसारखे लागतात. भिजल्यावर मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवं: पळीने ओतलं की ढीग होऊन हळूहळू पसरावं. पाण्यासारखं वाहत असेल तर चमचाभर तांदळाचं पीठ, पळीला गोळा धरत असेल तर चमचा चमचा दूध.

बेकिंग पावडर साचा तापल्यावर, ओतायच्या अगदी आधी घाला. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने जास्त ढवळलं म्हणून वॉफल चिवट होणार नाही, ती भीती मैद्यापुरती. मात्र पावडर पडल्यावर रेंगाळू नका.

झाकण उघडताच फाटत असेल तर

बहुतेक वेळा ते लवकर उघडलेलं असतं. मेकरचा हिरवा दिवा मैद्याच्या वॉफलचा अंदाज धरून लागतो. ज्वारीच्या मिश्रणात पाणी जास्त असतं, त्याला पाच ते सात मिनिटं लागतात. दिव्यापेक्षा वाफेवर विश्वास ठेवा. कडेने जोरात येणारी वाफ जवळपास थांबली की आतलं पाणी पुरेसं गेलेलं असतं. पहिली चार मिनिटं झाकणाला हात लावू नका. चार मिनिटांनी हलकेच उचलून पाहा. जराही अडलं तर खेचू नका, पुन्हा मिटून एक मिनिट थांबा. भाजला गेलेला वॉफल स्वतःहून सुटतो.

वाफ थांबूनही फाटत असेल तर साचा नीट तापलेला नव्हता. तयार असल्याचा दिवा तीन-चार मिनिटांत लागतो, पण तो एका जागेचं तापमान सांगतो. प्लेटचे कोपरे आणि वरची प्लेट तापायला आठ-दहा मिनिटं द्या. पाण्याचे दोन थेंब टाकून पाहा. ते नाचत दोन-तीन सेकंदांत उडाले पाहिजेत. नुसतेच पसरून उकळत बसले तर साचा अजून थंड आहे.

उन्हाळ्यात कालपर्यंत सरळ चाललेली कृती अचानक बिघडली, तर व्होल्टेजकडे बघा. तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. २३० व्होल्टचं यंत्र २०० व्होल्टवर चाललं तर उष्णता जवळपास एक चतुर्थांशाने घटते. पंखे आणि कूलर मंद वाटत असतील त्या सकाळी साचा जास्त वेळ तापवा, प्रत्येक खणात मिश्रण थोडं कमी ओता आणि दोन वॉफलच्या मध्ये साचा मिटून दोन मिनिटं पुन्हा तापू द्या. गॅसवरचा उलटापालटा साचा असेल तर ही अडचणच नाही. तो मध्यम आचेवर प्रत्येक बाजूने तीन मिनिटं तापवावा आणि मिश्रण ओतल्यावर पहिल्या मिनिटातच उलटावा, म्हणजे वरच्या खाचाही भरतात.

चिकटत असेल तर

साखर, लोणी आणि स्प्रे, या तिघांकडे बघा.

साखर १५ ग्रॅमच्या वर नको. पिकलेलं केळं मिश्रणात कुस्करून घालणार असाल तर साखर पूर्ण वगळा. साखर वितळते, करपते आणि खाचेत काचेसारखी बसते. गोडी वरून द्यायला काकवी आहे, मध आहे, फळं आहेत.

लोण्यात पाणी आणि दुधाचा घट्ट भाग असतो, तो प्लेटवर जळतो. मिश्रणात आणि प्लेटवर दोन्हीकडे तेल किंवा स्वच्छ कढवलेलं तूप वापरा. आणि ते मिश्रणात असायलाच हवं. ‘हलकं’ करायचं म्हणून ४० मिलीचं १५ केलं की वॉफल आतून कोरडा आणि बाहेरून चिकट होतो. तेलात इथे कंजुषी नको.

डब्यातले फवारायचे तेलाचे स्प्रे नॉनस्टिकवर वापरू नका. त्यातले बरेच लेसिथिनवाले असतात, आणि लेसिथिन तापून पिवळट, चिकट थर बनतो. चार-सहा वापरांनंतर प्लेट हाताला चिकट लागू लागते ती यामुळे. सिलिकॉनच्या ब्रशने तेलाचा पातळ हात प्रत्येक उंचवट्यावर द्या, पहिल्या दोन वॉफलना तरी.

थर बसलाच असेल तर तारेची घासणी लावायची नाही. यंत्र बंद करून प्लग काढा, प्लेट कोमट असताना ओला सुती कपडा घडी करून आत ठेवा आणि झाकण मिटा. दहा मिनिटांत थर वाफेने सैल होतो. मग खाण्याच्या सोड्याची सरबरीत पेस्ट लावून जुन्या मऊ टूथब्रशने खाचा घासा आणि ओल्या कपड्याने दोन-तीनदा पुसून घ्या. यंत्र नळाखाली धरू नका. कोटिंगचे पोपडे निघत असतील तर तो साचा गेला. त्यावर कुठलंही तेल उपाय नाही.

खरखरीत किंवा कडू लागत असेल तर

खरखर म्हणजे जाड दळण किंवा अपुरं भिजणं. भाकरीचं पीठ थोडं जाडसर असलं तरी खपतं, वॉफलमध्ये ते दाताखाली येतं. गिरणीत दोनदा दळून घ्या, किंवा घरचंच पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा उकडीत वापरा. तिथे तो शिजून मऊ होतो.

दाणाही महत्त्वाचा. आपल्याकडची रब्बी ज्वारी, मालदांडी वळणाची, पांढरीशुभ्र आणि चवीला गोडसर असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण इतकी दशकं टिकला तो भाकरीच्या चवीमुळे, आणि वॉफललाही तोच शोभतो. मंगळवेढ्याची ज्वारी मिळाली तर उत्तमच. पावसात सापडून काळपट पडलेली खरीप ज्वारी टाळा. तिचा वॉफल करडा दिसतो आणि कुबट लागतो. नवी रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हाच्या पिठाला विरी चांगली असते आणि दूध थोडं कमी लागतं. दिवाळीच्या सुमाराला तेच धान्य जुनं झालेलं असतं, तेव्हा उकडीचं पीठ ३० वरून ४० ग्रॅम करा आणि त्यासाठी पाणी २०० मिली घ्या. उकडीत वाढलेल्या पाण्याएवढं दूध आधी कमी धरायचं, लागलं तर शेवटी घालायचं.

कडूपणा बहुधा शिळ्या पिठाचा. ज्वारी अंकुरासकट दळली जाते, अंकुरातलं तेल सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात लवकर खवट होतं. ओट्यावरच्या डब्यात आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमध्ये महिनाभर चालतं. शंका असेल तर चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहा. पीठ ठीक असूनही वॉफल कडवट किंवा साबणासारखा लागला, तर सोडा जास्त पडला आहे. दह्याशिवायच्या मिश्रणात वेगळा सोडा घालायचाच नाही.

फळं: कोणतं आत, कोणतं वर

सर्वात जास्त वॉफल इथे बिघडतात. फळात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुकडा मिश्रणात बुडवला की तापल्यावर त्यातलं पाणी भोवतालच्या पिठात सुटतं आणि त्याच्या आजूबाजूला बोटभर भाग कच्चट राहतो. तुकडा प्लेटला टेकला तर साखर करपून तिथेच चिकटतो. म्हणून मिश्रणात जाणारं फळ कमी, लहान आणि आधी सुकवलेलं हवं; भरघोस फळ खायचं असेल तर ते वॉफलवर घ्यावं.

आत घालायचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करा. पसरट तव्यावर तेल न घालता मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परतून पाणी उडवा, गार करा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा. मिश्रणात ढवळू नका. आधी मिश्रणाचा थर ओता, त्यावर तुकडे टाका, वरून पळीभर मिश्रणाने झाका. तुकडे मधोमध राहिले की प्लेटला लागत नाहीत.

केळं सगळ्यात सोयीचं, कारण कुस्करलेलं केळं स्वतःही थोडं बांधून ठेवतं. ६० ग्रॅम घाला आणि दूध ४० मिली कमी करा. करमाळ्याकडची केळी बारा महिने मिळतात, पण सालीवर काळे ठिपके पडलेली फार पिकली केळी वॉफलसाठी नकोत. त्यात साखर वाढलेली असते. तीच घ्यायची असतील तर साचा एक घर कमी ठेवा आणि दोन मिनिटं जास्त भाजा.

चिकू आत घालू नका. त्याची साखर दाट असते, तो हमखास करपतो. पेरू आणि सफरचंद किसून, मुठीत घट्ट पिळून आत चालतात. आंबा आत घालायचा तर आटवलेला रसच, तोही दोन मोठे चमचे. पातळ रसाने मिश्रण पाणचट होतं. बेदाणे आत छान लागतात, पण कोरडे घातले तर पृष्ठभागावरचे फुगून जळतात. दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून कपड्यावर कोरडे करा.

द्राक्षं अर्धी कापून, कापलेली बाजू खाली ठेवून तापल्या तव्यावर मिनिटभर भाजा आणि वरून घाला. आख्खं द्राक्ष साच्यात घालणं धोक्याचं आहे. ते आत वाफ धरून फुटतं आणि झाकण उघडताना उकळता रस हातावर उडू शकतो.

डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे ते आत घालावंसं वाटणं साहजिक आहे. पण साचा मिटताना दाणे चिरडतात, रस खाचांत जळतो आणि बिया टणक होतात. शिवाय रंगाची अडचण. डाळिंब, काळी द्राक्षं, जांभूळ यांचा तांबडा-जांभळा रंग आंबट मिश्रणात टिकतो, सोडा किंवा जास्तीच्या बेकिंग पावडरमध्ये निळसर करडा होतो. वॉफलवर पडणारे ते हिरवट-राखाडी डाग बुरशीचे नसतात, पण दिसायला वाईट दिसतात. भगवा जातीच्या डाळिंबाचा २०० मिली रस मंद आचेवर ६० मिलीपर्यंत आटवा, शेवटी लिंबाचे चार थेंब पिळा, आणि तो गरम वॉफलवर घालून ताजे दाणे पसरा. साखरेची गरज पडत नाही.

सीताफळ कधीच तापवू नका, गर शिजला की कडवट होतो. बार्शीकडची सीताफळं आली की गर बिया काढून, घट्ट टांगलेल्या दह्यात हलवून वॉफलवर घ्या. ड्रॅगन फ्रूटही वरूनच. ते नुसतं पाणी सोडतं आणि लाल जातीचा रंग उष्णतेत तपकिरी पडतो. ताजा अननस दुधाच्या मिश्रणात घालून ठेवला तर त्यातलं विकर (एन्झाइम) दुधाची आणि अंड्याची प्रथिनं तोडतं, मिश्रण पातळ आणि कडू होतं. अननस आधी पाच मिनिटं शिजवला की ते विकर निकामी होतं.

काढल्यावर मऊ पडत असेल तर

गरम वॉफल ताटात सपाट ठेवला की खालची वाफ कोंडून तो दोन मिनिटांत मऊ होतो. एकावर एक रचले तर सगळेच. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर पिठाची चाळण उपडी करून तिच्यावर, एकेरी थरात. सोलापूरची कडक भाकरी टिकते ती पाणी निघून गेल्यामुळे. ज्वारीच्या वॉफलचा कुरकुरीतपणाही तेवढाच, पाणी बाहेर गेलं तरच. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ओव्हन १०० अंशांवर ठेवून त्यात जाळीवर ठेवा. फळं, रस, मध शेवटच्या क्षणी घाला. टिफिनला देताना फळं वेगळ्या डबीत, आणि वॉफल पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.

अंडं न घालता

अंड्याचं काम दोन भागांत वाटून द्यावं लागतं. उकडीचं पीठ ४५ ग्रॅम आणि पाणी २०० मिली करा. १४ ग्रॅम कच्च्या जवसाची बारीक पूड ९० मिली कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून बुळबुळीत करा. चटणीसाठी भाजून ठेवलेलं जवस इथे तितकं बांधत नाही, कच्चंच घ्या. दूध ५० मिलीपासून सुरू करा, ६० ग्रॅम दही घाला आणि दह्यासाठी एक अष्टमांश छोटा चमचा सोडा, बेकिंग पावडर आहे तेवढीच. भाजायला एक-दोन मिनिटं जास्त. हा वॉफल अंड्याच्या वॉफलइतका फुगत नाही, पण कडा छान कुरकुरीत होतात. दह्याचं मिश्रण रात्रभर भिजवायचं असेल तर फ्रीजमध्येच. एप्रिल-मे मध्ये बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबून जातं.

ग्लुटेन नकळत शिरतं ते कुठून

आवड म्हणून मैदा टाळणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. घरात सिलिॲकचा (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा) रुग्ण असेल तर हाच आधी वाचा, कारण पिठाच्या धुळीएवढा गहूही त्याला बाधतो. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थाला भारतात मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅमची. ज्वारी ग्लुटेनमुक्त आहे, पण गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यावर दळलेलं ज्वारीचं पीठ नाही. मध्ये किलोभर तांदूळ दळून काढला तर गहू कमी होतो, जात नाही. रुग्णासाठी गहू कधीच न पाहिलेली घरघंटी, किंवा ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलं पाकीट, हेच दोन रस्ते.

ज्या मेकरमध्ये मैद्याचे वॉफल झाले आहेत तो रुग्णासाठी वापरू नका. खाचा आणि बिजागरीतला चुरा कितीही पुसला तरी उरतो. साचा, सिलिकॉन ब्रश, चाळण आणि लाकडी चमचा त्याच्यासाठी वेगळे ठेवा. बेकिंग पावडर आणि कॉर्नफ्लोअरच्या पाकिटावरचे घटक वाचा. ‘मल्टिग्रेन’ ज्वारी पिठात गहू असू शकतो. साधे ओट्स गव्हाच्या धुळीसकट येतात. तिखट वॉफल करत असाल तर हिंगाची डबी बघा, बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं.

आणि खपली. खपली गहू पचायला हलका म्हणून त्याचे वॉफल ‘चालतील’ असं अनेकदा ऐकायला मिळतं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही. सातू, म्हणजे जव, तोही नाही. आजाराची नुसती शंका असेल तर रक्ततपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका. गहू बंद असताना तपासणी खोटी स्वच्छ येऊ शकते. आधी डॉक्टर, मग वॉफल.

उरलेले वॉफल

पूर्ण गार झाल्यावर मध्ये बटर पेपर घालून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नको, तिथे स्टार्च घट्ट होऊन वॉफल दुसऱ्याच दिवशी कोरडा, भुसभुशीत होतो. फळ आत असलेले आधी संपवा. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, फ्रीझरमधून काढून थेट टोस्टरमध्ये किंवा मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं, झाकण न ठेवता.